कुत्र्याची कोणती गोष्ट कोणत्या मुलाला?

बंगळुरूचं जयनगर १९४८ साली आखलं गेलं. सरळ रस्ते, दुतर्फा झाडं, ठिकठिकाणी बगिचे, आणि जवळजवळ प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी ठाण मांडून बसलेली दोन-तीन कुत्री. इथल्या मराठी घरातलं मूल शाळेत इंग्रजी वाचतं, खाली खेळायला गेलं की कन्नड बोलतं आणि आजीशी मराठीत भांडतं. त्याला कुत्र्याचं पुस्तक हवं असतं, तेव्हा आईबाप एखाद्या ग्रंथपालाला, शिक्षिकेला किंवा माझ्यासारख्या बालपुस्तकं जमवणाऱ्याला विचारतात. उत्तरादाखल बहुधा इंग्रजी नावांची एक यादी हाती पडते. यादी वाईट नसते. पण मूल कुत्रा पाळायचा हट्ट धरून बसलेलं आहे, कुत्रं दिसताच रस्ता बदलणारं आहे, की घरचा कुत्रा नुकताच गेल्यानं हिरमुसलेलं आहे, हे यादी करणाऱ्यानं सहसा विचारलेलं नसतं.

अशी पुस्तकं सुचवण्याबद्दल आज बरीच मतमतांतरं आहेत. साहित्याच्या अंगानं बोलणारे, मुलांच्या सुरक्षिततेचा विचार करणारे, प्राण्यांसाठी काम करणारे आणि मराठी टिकावी म्हणून धडपडणारे असे निरनिराळे लोक त्यात आहेत. त्यांचं एकमेकांशी बोलणं मात्र फारसं होत नाही. म्हणून ही सगळी मतं इथे एकत्र मांडतो आहे.

जुन्या गोष्टींतला कुत्रा

महाभारताच्या आदिपर्वात अगदी सुरुवातीलाच एक मार खाल्लेलं पिल्लू येतं. जनमेजयाचे भाऊ सत्रात शिरलेल्या, सरमा या कुत्रीच्या पिल्लाला काही अपराध नसताना मारतात आणि सरमा थेट राजाच्या यज्ञात येऊन जाब विचारते. ग्रंथाच्या दुसऱ्या टोकाला, महाप्रस्थानाच्या वाटेवर, सोबत आलेल्या कुत्र्याला टाकून स्वर्गात यायला युधिष्ठिर नकार देतो. मधे कुठेतरी एकलव्याच्या बाणांनी तोंड बंद झालेला कुत्रा आहे; त्याच्याविषयी पुढे कुणी काही विचारत नाही. मराठी मुलांच्या कानावर पडणाऱ्या गोष्टींत दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, खंडोबाच्या सोबतीला कुत्रा असतो, आणि पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव असतात.

याच परंपरेची दुसरी बाजूही मुलांपर्यंत पोचते. पंचतंत्रातले तीन ठक खांद्यावरच्या बोकडाला कुत्रा म्हणतात आणि ब्राह्मण विटाळाच्या भीतीनं तो टाकून देतो. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८२८ साली इसापाच्या गोष्टी मराठीत आणल्या. तेव्हापासून पाण्यातल्या प्रतिबिंबावर भुंकून तोंडातला घास गमावणारा हावरट कुत्राही आपलाच झाला. आणि बंजाऱ्याची गोष्ट तर देशभर सांगतात. सावकाराकडे गहाण ठेवलेला कुत्रा चोरीचा माल शोधून देतो. सावकार खूश होऊन त्याच्या गळ्यात चिठ्ठी बांधतो आणि त्याला मोकळं करतो. कुत्रा पळून आला असं समजून धनी रागाच्या भरात त्याला मारून टाकतो आणि मग चिठ्ठी वाचतो. छत्तीसगडमधल्या बालोद जिल्ह्यात खपरी गावी याच कथेशी जोडलेलं कुकुरदेव मंदिर आहे.

या साऱ्या गोष्टींत कुत्रा येतो तो माणसाची परीक्षा घ्यायला. युधिष्ठिर कसोटीला उतरतो, ब्राह्मण फसतो, बंजारा नापास होतो. कुत्र्याला स्वतःला काय वाटतं, त्याचा दिवस कसा जातो, हे त्या सांगत नाहीत. ते सांगणारी पुस्तकं पश्चिमेत प्राणिदयेच्या चळवळीबरोबर आली. कॅनडातल्या मार्गारेट मार्शल साँडर्स यांचं ‘ब्यूटिफुल जो’ १८९३ सालचं. क्रूर मालकाच्या तावडीतून सुटलेला कुत्रा त्यात स्वतःची कहाणी सांगतो. १९०३ मध्ये जॅक लंडनचं ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ आलं, १९४० मध्ये एरिक नाइटचं ‘लॅसी कम-होम’. आपल्याकडे प्रेमचंदांनी १९३६ मध्ये ‘कुत्ते की कहानी’ लिहिली. तिच्यातला कल्लू हा गावातला साधा कुत्रा, आणि गोष्ट सांगणाराही तोच. भारतीय बालसाहित्यातल्या कुत्र्यांचा विचार करताना या छोट्या पुस्तकाला मी फार वरचं स्थान देतो. कल्लूला मिळणारं प्रेम आणि त्याला बसणारे तडाखे एकाच गावातले आहेत, त्यामुळे मुलाला ते ओळखीचे वाटतात.

शेवटी कुत्रा मरतो का?

या विषयावरचा सगळ्यात जुना आणि अजूनही चालू असलेला वाद हा आहे. अमेरिकेत कुत्र्यांच्या गाजलेल्या बालकादंबऱ्यांपैकी कितीतरींचा शेवट मृत्यूनं होतो: फ्रेड गिप्सनची ‘ओल्ड येलर’ (१९५६), विल्सन रॉल्सची ‘व्हेअर द रेड फर्न ग्रोज’ (१९६१), विल्यम आर्मस्ट्राँगची ‘साउंडर’ (१९६९). ‘साउंडर’ला १९७० सालचं न्यूबेरी पदक मिळालं. हा साचा इतका रूढ झाला, की गॉर्डन कॉर्मनने २००० साली ‘नो मोअर डेड डॉग्ज’ नावाची कादंबरीच लिहिली. तिचा नायक कुत्रा मरणारी पुस्तकं वाचून वैतागलेला मुलगा आहे.

एका बाजूचं म्हणणं असं, की मुलाच्या आयुष्यात येणारा पहिला मृत्यू पुष्कळदा पाळीव प्राण्याचा असतो. त्या दुःखाची ओळख पुस्तकात आधी झाली तर प्रत्यक्षात मूल एकटं पडत नाही. दुसरी बाजू म्हणते, की मोठ्यांना गंभीर वाटावं म्हणून मुलांच्या पुस्तकात कुत्र्याचा बळी देणं ही लेखकाची सोय आहे. शिवाय मुलाला सावध न करता असं पुस्तक हाती देणं म्हणजे विश्वासघात. केट डिकॅमिलोचं ‘बिकॉज ऑफ विन-डिक्सी’ (२०००) या दुसऱ्या बाजूला फार उपयोगी पडतं. आईविना वाढणारी मुलगी, एकाकी माणसांचं गाव, सगळ्यांना जोडणारा कुत्रा. वादळात तो हरवतो, पण सापडतो. दुःख त्यात आहेच, फक्त ते कुत्र्याच्या माथी मारलेलं नाही.

भारतीय वाचकाच्या बाबतीत या वादाला आणखी एक पदर आहे. ‘ओल्ड येलर’मध्ये पिसाळलेल्या लांडग्याशी झुंजताना कुत्र्याला रेबीजची लागण होते आणि मुलाला स्वतःच्या हातानं त्याला गोळी घालावी लागते. अमेरिकन मुलाला ही एकोणिसाव्या शतकातली जुनी गोष्ट वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या रेबीजमृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के भारतात होतात. इथल्या मुलाला ती गोष्ट आजचीच वाटणार. त्यामुळे हे पुस्तक इथे द्यायचं तर सोबत मोठ्या माणसाचं बोलणं हवं, असं मला वाटतं. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला ते एकट्यानं वाचायला मी देणार नाही.

आपल्याकडे सहज मिळणारं आणि या बाबतीत मला सर्वांत समंजस वाटणारं पुस्तक मूळचं जपानी आहे. तेत्सुको कुरोयानागींचं ‘तोत्तोचान’ १९८१ साली आलं. चेतना सरदेशमुख गोसावी यांनी त्याचा मराठी अनुवाद केला आणि नॅशनल बुक ट्रस्टनं तो छापला. शाळेविषयीचं पुस्तक म्हणूनच आपण ते ओळखतो, पण त्यातला रॉकी हा जर्मन शेफर्डही विसरण्यासारखा नाही. खेळता खेळता तो तोत्तोचानच्या कानाला जबर चावतो. तिला कानापेक्षा एकच काळजी असते, आईबाबा रॉकीला रागावतील ही. पुढे एके दिवशी रॉकी तिच्या आयुष्यातून नाहीसा होतो. चावा, माया आणि ताटातूट या तिन्ही गोष्टी त्यात थोडक्या पानांत येतात, आणि कशाचाही आरडाओरडा होत नाही.

मिठी मारावी की लांब राहावं?

दुसरा वाद गेल्या वीसेक वर्षांत पुढे आला. तो पशुवैद्य आणि बालमानसशास्त्रज्ञांनी काढला. चित्रपुस्तकांत मुलं कुत्र्याच्या गळ्यात पडतात, तो झोपलेला असताना त्याला कुरवाळतात, जेवताना त्याच्या ताटलीशी खेळतात. ब्रिटनमधल्या लिंकन विद्यापीठात केर्स्टिन माइंट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासांत असं दिसलं, की लहान मुलं दात विचकणाऱ्या कुत्र्याचा चेहरा पुष्कळदा हसरा समजतात. संशयित रेबीजबाधित प्राण्यांनी चावलेल्यांपैकी ४० टक्के पंधरा वर्षांखालची मुलं असतात, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या, की चित्रातली मिठी तितकी निरागस राहत नाही.

याला जोडून बोलणाऱ्या प्राण्यांचा प्रश्न येतो. टोरांटो विद्यापीठातल्या पॅट्रिशिया गानिया आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. माणसासारखे विचार आणि भावना असलेल्या प्राण्यांची पुस्तकं वाचून दाखवली, की लहान मुलं त्या प्राण्यांविषयीची खरी माहिती कमी शिकतात आणि प्राण्यांना माणसाचे गुण अधिक चिकटवतात, असं त्यांना आढळलं. यावरून काही शिक्षक म्हणतात, लहान वयात माहितीपर पुस्तकंच द्या.

साहित्यवाल्यांचं उत्तर वजनदार आहे. गोष्ट ही सूचनापत्रक नव्हे; कल्लू बोलतो म्हणूनच त्याला लागलेला दगड मुलाला लागतो. सत्यजित राय यांची असमंजबाबूंच्या कुत्र्याची गोष्ट घ्या. ब्राउनी हसतो, हे शास्त्राला धरून नाही. पण पैशानं सगळं विकत मिळतं असं समजणाऱ्या श्रीमंताला पाहून तो हसतो, तेव्हा ते हसू मुलाला बरोब्बर कळतं. राय यांची ही गोष्ट वाचून कुणी मूल भुंकणाऱ्या कुत्र्याला हसरा समजेल, हे मला पटत नाही. मात्र तीन-चार वर्षांच्या मुलाच्या चित्रपुस्तकाबद्दल पशुवैद्यांचं म्हणणं मला मान्य आहे. त्या वयात चित्र म्हणजेच जग असतं.

दोन्ही बाजूंना एकत्र आणणारं काम गोव्यात झालं. मिशन रेबीज या संस्थेनं तिथे कुत्र्यांच्या लसीकरणाबरोबर शाळाशाळांतून मुलांना कुत्र्याजवळ कसं जावं, कधी जाऊ नये, चावल्यास काय करावं हे शिकवलं. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. यात लसीकरणाचा वाटा किती आणि शाळेतल्या धड्यांचा किती, हे वेगळं काढता येत नाही. तरी जखम साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा, हे एखाद्या गोष्टीच्या ओघात सहज येऊ शकतं. तसं लिहिलं गेलेलं पुस्तक मला प्रत्येक प्राथमिक शाळेत हवं आहे.

पुस्तकातला कुत्रा कुणाचा?

जयनगरात राहून या विषयाकडे पाहणाऱ्याला सर्वांत जास्त खटकतं ते हे. एरिक हिलचा स्पॉट, नॉर्मन ब्रिडवेलचा प्रचंड लाल क्लिफर्ड, लिन्ली डॉडचा झिपरा हेअरी मक्लेअरी, एनिड ब्लायटनचा टिमी, टिनटिनचा स्नोई. सगळे मालकाचे, पट्ट्याचे, अंगण असलेल्या घरचे. बंगळुरू महापालिकेच्या २०२३ च्या गणनेत शहरात सुमारे २ लाख ७९ हजार भटकी कुत्री मोजली गेली. २०१९ मध्ये हा आकडा ३ लाख १० हजारांच्या आसपास होता. मुलाला रोज दिसणारा कुत्रा हा आहे. त्याला एक मालक नसतो. गल्लीतले दहाजण त्याला दहा नावांनी हाक मारतात.

या कुत्र्याला जागा देणारी पुस्तकं आहेत, पण विखुरलेली. आर. के. नारायण यांच्या ‘मालगुडी डेज’मधल्या आंधळ्या भिकाऱ्याच्या गोष्टीतला टायगर हा रस्त्यावरचाच. दोरीला बांधला जातो, एकदा सुटतो आणि स्वतःहून परत जातो. बारा-तेरा वर्षांच्या मुलांबरोबर या परतण्यावर तासभर चर्चा होऊ शकते. पूर्णचंद्र तेजस्वी यांच्या कन्नड लेखनातला किवी पाळलेला आहे, पण तो चिखलातून, रानातून, मळ्यातून धावतो. तेजस्वींच्या मूडिगेरेच्या परिसराचाच तो भाग वाटतो. लहानांसाठी चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाचं ‘अ वॉक विथ तंबी’ मला फार आवडतं. लावण्या कार्तिक यांची गोष्ट, प्रोइती रॉय यांची चित्रं. दृष्टिहीन मुलगा आणि त्याचा कुत्रा आपल्याकडच्या गजबजलेल्या रस्त्यावरून फिरायला निघतात. मुलाचं अंधत्व शब्दांत ठासून सांगितलेलं नाही. बंगळुरूच्याच प्रथम बुक्सचं ‘गुडनाइट, टिंकू!’ त्याहून लहानांसाठी आहे. झोप न येणारं पिल्लू रात्री भटकायला निघतं, एवढीच गोष्ट.

इथे प्राणिमित्र आणि रहिवासी यांच्यातली दरी पुस्तकांपर्यंत येते. प्राण्यांसाठी काम करणारे म्हणतात, की गावठी कुत्र्यांविषयी माया निर्माण करायची तर ती लहानपणीच आणि पुस्तकांतूनच. दुसऱ्या बाजूला बंगळुरूला २००७ सालही आठवतं. त्या वर्षाच्या सुरुवातीला भटक्या कुत्र्यांच्या हल्ल्यांत लहान मुलांचे जीव गेले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्ली परिसरातल्या भटक्या कुत्र्यांबाबत सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला आणि काही दिवसांतच तो बदलला, तेव्हा हा प्रश्न घराघरांत बोलला गेला. मुलांनीही तो ऐकला. फक्त दया शिकवणारं पुस्तक घाबरलेल्या मुलाला खोटं वाटेल, आणि फक्त धोका सांगणारं पुस्तक गल्लीतल्या कुत्र्याला रोज पोळी घालणाऱ्या मुलाला. दोन्ही मुलं एकाच वर्गात बसतात. दोघांनाही आपलं वाटेल असं पुस्तक लिहिणं अवघड आहे, आणि नेमकी त्याचीच उणीव मला जाणवते.

देशी जातींबद्दल माहिती हवी असलेल्या मोठ्या मुलांना एस. थिओडोर भास्करन यांचं ‘द बुक ऑफ इंडियन डॉग्ज’ (२०१७) द्यावं. ते लहानांसाठी लिहिलेलं नाही, पण तेरा-चौदा वर्षांचं चौकस मूल त्यात रमतं. बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळ संस्थानचे घोरपडे, त्यांनी जोपासलेले मुधोळ शिकारी कुत्रे, २००५ साली टपाल खात्यानं मुधोळ, रामपूर, राजापालयम आणि हिमालयी मेंढपाळ कुत्र्यावर काढलेली तिकिटं: मराठी आणि कन्नड इतिहासाचा हा धागा बंगळुरूच्या मराठी मुलाच्या अगदी जवळचा आहे.

वाघ्याचं काय करायचं?

मराठी घरात कुत्र्याच्या गोष्टीचा विषय निघाला की वाघ्या येतोच. शिवाजी महाराजांच्या चितेत उडी घेणारा इमानी कुत्रा. रायगडावर समाधीजवळ त्याचं शिल्प १९३६ साली बसवलं गेलं. राम गणेश गडकऱ्यांच्या ‘राजसंन्यास’नं ही कथा लोकप्रिय केली. समकालीन साधनांत वाघ्याचा उल्लेख नाही, म्हणून त्याचं शिल्प तिथे नसावं, असं काही इतिहासप्रेमींचं म्हणणं आहे. २०१२ मध्ये शिल्प काढलं गेलं आणि पुन्हा बसवलं गेलं. २०२५ मध्ये ते हटवण्याची मागणी नव्यानं झाली. स्मारकाच्या उभारणीशी होळकरांचं नाव जोडलेलं असल्यानं आणि पिढ्यान्‌पिढ्या जपलेली भावना असल्यानं शिल्प राहावं, असं म्हणणारेही तितकेच ठाम आहेत.

शिल्पाचा निर्णय या लेखाच्या कक्षेत येत नाही. पुस्तकाचा येतो. वाघ्याची गोष्ट मुलांना सांगावी, पण लोकांनी जपलेली कथा म्हणून, बंजाऱ्याच्या कुत्र्याच्या आणि शिबुया स्थानकावर धन्याची वाट पाहणाऱ्या हाचिकोच्या शेजारी ठेवून. हाचिकोचा पुतळा तो जिवंत असतानाच, १९३४ मध्ये उभा राहिला. त्याचं वाट पाहणं लोकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. कोणती गोष्ट पाहिलेली, कोणती ऐकलेली, हा फरक दहा वर्षांच्या मुलाला समजतो. त्यामुळे गोष्टीची गोडी कमी होत नाही.

मराठीत काय, आणि कसं?

मराठी बालपुस्तकांनी गेल्या काही दशकांत मोठा पल्ला गाठला. माधुरी पुरंदरे यांना २०१४ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार आणि २०१६ मध्ये पहिला बिग लिटल बुक पुरस्कार मिळाला. घर, शेजार, शाळा, रुसवे यांच्या बारकाव्यांतून गोष्ट कशी उभी करायची, हे त्यांच्या पुस्तकांनी दाखवलं. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे अंक आज विनामूल्य वाचता येतात. पु. ल. देशपांडे यांचं ‘पाळीव प्राणी’ मोठ्यांसाठी असलं, तरी कुत्रा पाळणाऱ्या शेजाऱ्यांची त्यातली तऱ्हा ऐकून मुलं खळाळून हसतात. तरीही कुत्राच मध्यभागी असलेलं, दीर्घ, मूळ मराठी बालपुस्तक सुचवा म्हटलं, की आठवायला वेळ लागतो.

त्यामुळे बंगळुरूसारख्या ठिकाणी अनुवादावर भर द्यावा की इंग्रजीतच वाचू द्यावं, यावर दोन मतं आहेत. मुलाची वाचनाची भाषा इंग्रजी झालेली आहे, तर मराठीचा आग्रह धरून वाचनाची गोडी घालवू नका, असं काही पालक म्हणतात. मराठी वाचता येत नसलं तरी ऐकता येतं, हे दुसऱ्यांचं उत्तर. मी दुसऱ्यांच्या बाजूचा आहे. कुत्र्याची गोष्ट मोठ्यानं वाचायला फार चांगली असते. भुंकणं, हाका मारणं, पळापळ यांत आवाजाला भरपूर काम मिळतं. २०१५ साली प्रथम बुक्सनं सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर तीच गोष्ट अनेकदा मराठी आणि कन्नड दोन्हींत मिळते. आजी एक वाचते, शेजारची मुलगी दुसरी, असं जयनगरात सहज घडू शकतं.

कुत्र्यालाच वाचून दाखवण्याची कल्पनाही इथे नोंदवायला हवी. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीमध्ये १९९९ साली असा उपक्रम सुरू झाला: अडखळत वाचणारं मूल शांत, प्रशिक्षित कुत्र्यासमोर बसून वाचतं, कारण कुत्रा चुका काढत नाही. २०१६ मध्ये अशा उपक्रमांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. परिणाम आश्वासक असले तरी पुरावा अजून कच्चा आहे, असा त्याचा निष्कर्ष होता.

न सुटलेलं

वयानुसार यादी करण्यापेक्षा मुलाचं कुत्र्याशी नातं काय, ते विचारून पुस्तक सुचवावं, असं मला या सगळ्यावरून वाटतं. हट्ट धरणाऱ्या मुलाला फिलिस रेनल्ड्स नेलरचं ‘शायलो’ (१९९१) द्यावं. कुत्रा मिळवण्यासाठी खोटं बोलावं का, हा प्रश्न ते सोडत नाही. घाबरणाऱ्याला ‘अ वॉक विथ तंबी’, मोठ्या माणसाच्या मांडीवर बसून. चौकस मुलाला भास्करन. अन्याय लवकर जाणवणाऱ्या मुलाला कल्लू.

दोन मुलांबद्दल मात्र मतं जुळत नाहीत. घरचा कुत्रा नुकताच गेलेल्या मुलाला त्याच दुःखाचं पुस्तक लगेच द्यावं, की काही महिने थांबावं? समुपदेशक, शिक्षक आणि पालक यांची उत्तरं वेगवेगळी येतात, आणि मूल स्वतः मागेपर्यंत थांबणं यापलीकडे माझ्याकडेही ठाम उत्तर नाही. दुसरं मूल कुत्रा चावलेलं, इंजेक्शनं घेतलेलं. त्याला कुत्र्याचं पुस्तक द्यायचं की नाही, यावर डॉक्टर आणि प्राणिमित्र अगदी विरुद्ध बोलतात. तोत्तोचानच्या कानाचा प्रसंग अशा मुलाला वाचून दाखवावा, असं मला वाटतं, पण तो ऐकायला ते तयार आहे का, हे आधी त्यालाच विचारून.